मीठ न टाकलेलं कार्ड

प्रिय आत्या,

तुला जाऊन सव्वा वर्ष झालं. एवढ्या दिवसांत पत्र लिहायचं सुचलं नाही, आणि आजही नुसत्या आठवणीने लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. बाळकुमच्या आपल्या बिल्डिंगमधल्या लोकांना जे सांगायचंय, ते आधी कुणाला तरी सांगून बघायचंय. जिवंत माणसांसमोर अजून जीभ रेटत नाही.

आम्ही डोंबिवलीला राहायला आलोय गं. चार महिने झाले. सई आता नऊ वर्षांची आहे. परवा तिने टेबलावर पेपर पसरला आणि तुझ्या पद्धतीने शुभेच्छापत्रं करायला बसली. जाड कागद मधोमध दुमडायचा, रुंद ब्रशने नुसतं पाणी फिरवायचं, कागद चमकतोय तोवर निळा रंग वरून खाली सोडायचा आणि त्या ओल्या रंगावर जाडं मीठ शिंपडायचं. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. मीठ रंग पितं आणि निळ्यात पांढरी फुलं उमटतात. वाळल्यावर खडे झटकले की कार्ड तयार.

"बाबा, आत्याआजीच्या कार्डांवर मीठ न टाकताच फुलं यायची," सई म्हणाली. "इथल्या पाण्याने येत नाहीत."

मी चहा तसाच ठेवून गॅलरीत गेलो.

तुला तो दिवस आठवतो? आठ वर्षं झाली. आपल्या भातशेताच्या आणि पाडलेल्या जुन्या घरांच्या जागेवर बिल्डिंग चढत होती. बिल्डर आणि घरचे यांच्या मधला माणूस मी. तू साइटवर गेलीस, बोअरच्या पाइपातून बाटलीभर पाणी आणलंस आणि त्याने एक कार्ड रंगवून माझ्या हातात दिलंस. निळा रंग वाळता वाळता फुटला होता. सगळीकडे बारीक पांढरे ठिपके, बोट फिरवलं तर खरखरीत.

"यात मी मीठ टाकलेलं नाय, पोरा," तू म्हणालीस. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना शुद्ध बोललीस, पण काळजी वाटली की घरची बोली बाहेर यायची. "ह्याच पान्यानं सिमेंट कालवतान ते. तुझ्या आज्याचा जनम मिठागरात गेला. मीठ लोखंडाला कसं खातं ते मी बघितलंय."

मी हसलो. "आत्या, बिल्डिंग म्हणजे ग्रीटिंग कार्ड नव्हे," असं म्हणालो. केवढा शहाणा मी! काम थांबवलं असतं तर सगळ्या भावकीने माझ्यावर खापर फोडलं असतं. भाड्याच्या घरांना सगळे कंटाळले होते. "लोकांना उगाच घाबरवू नकोस, माझं नाव खराब होईल," हेही मीच म्हणालो, आणि ते कार्ड फ्रिजवर लावून टाकलं.

तू गप्प बसलीस, माझ्या नावासाठी. पण दर दिवाळीला अठ्ठावीस घरांना कार्डं पाठवलीस, प्रत्येक कार्ड फ्लशच्या नळाला येणाऱ्या त्याच बोअरच्या पाण्याने रंगवलेलं. लोक म्हणायचे, काय नाजूक काम आहे बाईंचं. तोंडाने का नाही सांगितलंस गं त्यांना? मला तुझा राग येतो. मग आठवतं की तुझं तोंड मीच बंद केलं होतं.

तू गेलीस आणि पार्किंगच्या कॉलमवर पांढरं दिसायला लागलं. आधी ठिपके, तुझ्या कार्डावर होते तसेच. मग उभ्या चिरा, आणि चिरांमधून तांबूस ओघळ. ओळखीच्या एका इंजिनिअरला मी गुपचूप घेऊन गेलो. त्याने छोट्या हातोडीने कॉलम ठोकला, थोडं सरकून पुन्हा ठोकला. पोपडा पडला. आतली सळई त्याने नखाने खरवडली, तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

"घरात लहान कोण आहे?" त्याने विचारलं.

"मुलगी."

"आधी तिला हलवा. मग बाकीच्यांना सांगा. सांगाल ना?"

पहिलं काम मी आठवड्यात केलं. सईच्या शाळेसाठी चाललोय, असं सांगितलं. जिन्यात सगळे निरोप द्यायला जमले होते, कुणी डब्यात लाडू दिले. दुसरं काम अजून केलेलं नाही.

काल दलालाचा फोन आला. शहाडच्या एका जोडप्याला बाळकुमचं आपलं घर भाड्याने हवंय. बाईंना सातवा महिना आहे, बाळंतपणाआधी सामान लावून घ्यायचंय. "शनिवारी चावी देताय ना?" त्याने विचारलं, आणि मी "देतो" म्हणालो. किती सहज म्हणालो, आत्या!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. कुणीतरी पुढाकार घेऊन कॉलमना प्लास्टर करून पांढरा रंग मारून घेतलाय. खाली लिहिलं होतं, "आता कसं स्वच्छ वाटतं." सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. बोट आपोआप गेलं, आणि तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. रंगाखाली मिठाचं काम चालूच आहे. आता ते कुणाला दिसणारही नाही.

दलालाला आत्ताच कळवलं की चावी मिळणार नाही. सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, तोवर थांबणार नाही. हे पत्र संपलं की बाळकुमला निघतोय. पहिल्या मजल्यापासून एकेक दार वाजवीन. मला आठ वर्षांपासून माहीत होतं, हे माझं पहिलं वाक्य असेल. कुणी अंगावर आलं तर येऊ दे, दार आपटलं तर पुन्हा वाजवीन.

आणि तुला शब्द देतो. सई आणि तिची आई इथेच राहतील. पण तिथलं शेवटचं घर रिकामं होईपर्यंत माझं अंथरूण बाळकुमच्या घरातच असेल.

तुझा भाचा,
नंदू