दोघींच्या सह्या

३ जून
आलो एकदाच्या! मावशीचं घर आता धाकटीचं आणि माझं. चार हवेशीर खोल्या, आणि बँकेत एवढी रक्कम की मॅनेजर स्वतः उठून खुर्ची देतो. ती रक्कम बचत खात्यातच ठेवायची, काढायची तर दोघींच्या सह्या, अशी मृत्युपत्रात अट. धाकटी म्हणते, राहू दे गं ताई, तिथे सुखरूप आहे. तिला लागतंच काय? एक साडी, एक खिडकी. मला माझा वाटा हवाय.

६ जून
धाकटीच्या साड्यांना कुणीतरी कडक इस्त्री केली. ती म्हणाली, ताई, किती करतेस गं माझ्यासाठी! मी ‘असू दे’ म्हणून घेतलं. फुकटचं श्रेय कोण सोडतं? पण इस्त्री मी केली नव्हती.

९ जून
दुपारी झोपेत कुणीतरी डोकं चेपून दिलं म्हणे तिचं. केसांना मावशीच्या तेलाचा वास. उशाशी पाण्याचा तांब्या. माझी चुरगळलेली साडी मात्र तीन दिवस खुर्चीवर मुद्दाम टाकलीय, तश्शीच! मेल्यावरही पक्षपात सुटला नाही बाईचा. खरं तर घाबरायला हवं. मी नुसती जळतेय.

११ जून
विजेच्या मीटरचा अर्ज म्हणून कागद पुढे केला. वेडीने न वाचता सही केली. कागद बँकेचा. वाटा लिहिता लिहिता अख्खी रक्कम लिहिली. हात वाहवत गेला. कारकून म्हणाला, उद्या अकराला या, तुमची सही समोर करावी लागेल.

संध्याकाळी
माझ्या साडीला इस्त्री! तांब्या माझ्या उशाशी! लहान मुलीसारखं रडू आलं. सुचलं बाई मावशीला एकदाचं.

१२ जून, सकाळी दहा
निघायचं होतं. उठवत नाही. डोकं चेपतेय ती. जड हात. पुरे म्हटलं, तरी—
धाकटी डोकावली. मी हाक मारायला गेले, आवाजच फुटला नाही. हसून म्हणाली, लिहीत पड निवांत, आणि दार ओढून गेली.

साडेदहा
चादर खोचतेय. पायाशी. डावीकडे. घट्ट. श्वास—
उजवा हात तेवढा बाहेर. राहू दे ना मावशी. सही नाही करत. बँकेतच राहू दे सगळं, तिलाच— नुसतं लिहितेय गं, हा हात तरी