आईचे दोन कागद

४ नोव्हेंबर, मंगळवार
वस्तीतल्या शिबिरात आईने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली होती, तिचे रिपोर्ट आज आणले. कागद दोन. एकावर एच.पी.व्ही. १६ पॉझिटिव्ह, दुसऱ्यावर पेशी नॉर्मल. एकाच बाईचे असे कसे? सदर भागातल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज होतं, एकाचा कागद दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातो. तसंच झालं असणार. आईला फक्त नॉर्मलवाला वाचून दाखवला.
"पाह्य, मी म्हणतच होती, मले काही नाही."

५ नोव्हें.
नाव, वय, नमुना क्र. तीनदा पडताळले. दोन्हींवर तेच. तरी वाटतं की...
मोबाइलवर वाचलं. एच.पी.व्ही. हा विषाणू, शरीरसंबंधातून येतो. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पुढचं वाचलं नाही.

१० नोव्हें., सोमवार
दुकानातून सुट्टी. दवाखान्यात एकटाच. कागद बदललेत म्हणालो. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, तेवढं बरं. दोन्ही आईचेच. एक कागद विषाणू आहे का ते सांगतो, दुसरा त्याने पेशी बिघडवल्या का ते. हा कॅन्सर नाही. पण १६ नंबरचा प्रकार जास्त धोक्याचा, म्हणून पेशी नॉर्मल असल्या तरी दुर्बिणीने पाहावं लागतं.
कधी लागला असेल, हे कसंबसं विचारलं. "वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी, कोणाकडून, कोणीच सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, "पण तुम्ही काय करता इथे? त्यांना आणा, गुरुवारी."

११ नोव्हें.
जेवताना सुरुवात केली आणि भाजीचंच बोललो. खाप्याहून ताईचा फोन, "आईचं काय आलं रे?" नॉर्मल म्हणालो. हे दुसरं खोटं.

१२ नोव्हें., बुधवार
आई पिशवी भरत होती. उद्या ताईकडे, महिनाभर. जाऊ नको म्हणालो.
"नॉर्मल हाये म्हणतं, मंग काहून अडवून राहिला गा?"
दुसरा कागद काढावाच लागला. मॅडमनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं. पिशवीचा बंद धरून खाली बसली.
"म्हणजे तुह्या बाबाकडून."
कोणीच सांगू शकत नाही, हे मॅडमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.
"त्या मॅडमले नसंन सांगता येत." मग माझ्याकडे पाहून, "आठ दिवस दाबून ठेवलं. लाज तुले, अन् जीव माहा."
पिशवी रिकामी करू लागली. "उद्या कितीले निघाचं?"

१३ नोव्हें.
दुर्बिणीच्या तपासणीला मला आत घेतलं नाही. अर्ध्या तासाने आई बाहेर आली, भिंत धरून. पांढरट डाग दिसला, तुकडा तपासायला पाठवला. डाग म्हणजे कॅन्सरच असं धरू नका, म्हणाल्या मॅडम. काहीही निघालं तरी पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. ताईला फोन करून खरं सांगितलं. शिव्या खाल्ल्या.

२४ नोव्हें., सोमवार
दवाखान्याच्या बाकावरून लिहितो. खिडकीतून तुकड्याच्या रिपोर्टचा लिफाफा दिला, मी हात पुढे केला.
"दे इकडं. पयले मी."
वाचता येत नाही तिला, तरी दोन्ही हातांनी धरून बसली आहे. मॅडमसमोरच उघडणार म्हणते. मी बाहेर थांबतो म्हणालो.
"आत चाल. तुह्या कानानं आयक."
आमचा नंबर एकोणीस. आता अठरावी आत गेली.