मानमोडीच्या नऊ कोंबड्या

३ नोव्हेंबर १९८६, बोईसर
माझ्या आधीच्या बाई प्रयोगशाळेच्या रजिस्टरची अकरा पाने फाडून निघून गेल्या. म्हणून ही वेगळी वही. बाकी जागा उत्तम. खोलीला दोन खिडक्या, पाणी दोन वेळ, आणि तीस वर्षांनी पुन्हा सूक्ष्मदर्शक हाताशी. डॉक्टर चुरी उत्साही गृहस्थ. घिवलीच्या गोदूबाईंच्या विरजणातल्या जिवाणूंपासून त्यांनी अर्क काढला आहे. तो विषाणूंना रोखतो, असा त्यांचा दावा. मानमोडी हा माना पिळणारा रोग लागलेल्या अठरा कोंबड्यांपैकी नऊंना अर्क दिला. त्या जगल्या. उरलेल्या दोन दिवसांत मेल्या.

६ नोव्हेंबर
नऊही जिवंत. माना मात्र पिळलेल्याच, चोची पाठीकडे. दाण्याला तोंड लावलेले नाही. डॉक्टरांनी शेरा लिहिला, ‘बऱ्या झाल्या’. कशावरून, विचारले, तर म्हणाले, मेल्या नाहीत ना, बाई. १४ तारखेला याच अर्काचे थेंब घिवलीतल्या कावीळ झालेल्या मुलांना जायचे आहेत. माझ्या सहीने.

१० नोव्हेंबर
तपासणीसाठी ठमीने एकीची मान उतरवली. धड उठून पिंजऱ्यात जाऊन बसले. अजून बसले आहे. ठमी झाडलोट करते, आमचे जेवणही रांधते. ती म्हणाली, नाय मरत तर वाईट काय हाय, बाय? तुमचा दाना वाचला.

१२ नोव्हेंबर
जेवणातले दही लागेना, तेव्हा गेल्या आठवड्यात ठमीने प्रयोगशाळेतला अर्काचा चंबू धुताना तळातले चमचाभर दुधात घातले होते. चांगले विरजण मोरीत कोन ओतल, म्हणते. तेव्हापासून कालच्यातले आजच्याला. डॉक्टर, ठमी, मी, आम्ही तिघे रोज तेच खात होतो. ठमी शनिवारपासून जेवलेली नाही. भूक नाय, म्हणाली. मी शेवटची कधी जेवले — रविवारी.

१३ नोव्हेंबर
डॉक्टरांना थेंब थांबवायला सांगितले. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते — आणि माझ्याकडेच पाहत होते.

१४, सकाळ
मान डावीकडे — ओळ नीट दिसत नाही. अर्क, चंबू, दही, सगळे भट्टीत जाळले.
हवाली केले —
घिवलीस: बाटल्या बारा. आत उकळलेले साखरपाणी.
खड्ड्यात: कोंबड्या नऊ. माती हलते.
रखवालदार रामकिसनकडे: किल्ल्या तीन. प्रयोगशाळेचे दार बाहेरून लावण्यास बजावले. लावले. ही वही फटीतून देणार.
आत आम्ही तिघे.
मूळ विरजण, शिल्लक: घिवलीत, गोदूबाईंच्या घरी —