आठ नटांवरच्या पिवळ्या रेघा

अण्णा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. गॅरेज आता मी चालवतो, म्हणजे रेटतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, सरांच्या अंगावर धावून गेलो म्हणून. ट्रकचा पुढचा ओढायचा हुक बसवताना तुमची एक पद्धत होती. बोल्ट आधी साध्या पान्याने, समोरासमोरचे घेत आवळायचे, मग टॉर्क पान्याने, ठरलेला जोर बसून तो कट्ट वाजेपर्यंत, आणि तो वाजला की नटावरून पिवळी रेघ. एकदा मी रेघ आधीच मारली तर तुम्ही ब्रश काढून घेतलात. "पेंटर आहेस का तू? ती रेघ म्हणजे माझी जबान असते."

गेल्या महिन्यात तिचे वडील त्यांचा ट्रक घेऊन आले, पुढचा हुक बसवायला. ती कोण ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या वर्गात होती, कॉलेज सुटलं तरी ती काही डोक्यातून सुटली नाही. मी गाडीखाली, आठही बोल्ट साध्या पान्याने आवळून झालेले, आणि ते सहज म्हणतात, "पोरीचं जमलं बरं का. इंदिरानगरचा मुलगा आहे, इंजिनियर. लग्नाला यायचं." माझं डोकं सणकलं. पाना फेकला. "झालं का रे?" त्यांनी विचारलं. "झालं," म्हणालो, आणि टॉर्क पान्याला हात न लावता आठही नटांवर रेघा ओढल्या. ते वाकून बघतात, हसतात. "अण्णांचा पोरगा. रेघ दिसली, विषय संपला."

पंधरा दिवसांनी सुरगाण्याच्या रस्त्याला गाडी चिखलात रुतली. दुसऱ्या ट्रकने साखळी लावून ओढली. तिचे वडील खाली उभे राहून ड्रायव्हरला हात दाखवत होते. हुक उपटून आला, साखळी त्यांच्या पायावर. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

दवाखान्यात ते मलाच समजावतात. "बोल्टच बोगस निघाले असतील. रेघा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, तू नको मनाला लावून घेऊस." सांगायचं म्हणून तीनदा गेलो, तीनदा सफरचंदं ठेवून परत आलो. चौथ्यांदाही तेच होणार, मला माझी ओळख आहे. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला पाठवता येत नाही, हीच सोय.

लग्न पुढे ढकललंय. काल दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "तू आहेस म्हणून निभावतंय रे," म्हणाली. अण्णा, तेवढा वेळ मला बरं वाटलं.