पहिलीचा टाक

४ नोव्हेंबर
तर काय, फ्लॅट जुनाच घेतला! अहो, नव्या बिल्डिंगीत जिम अन् पोहायचा हौद. मी काय लुगडं खोचून हौदात उतरू? पंचवटीत दुसरा मजला, भिंती कशा दणकट. आतली खोली माझी, बाकी घर भाड्यानं द्यायचं. तुम्ही गेल्यापासून महेशचं एकच, आई, अंबडला ये. सुनेच्या हातचा फिक्का चहा प्यायला? माझं घर, माझं भाडं, माझी मी.

घर विकणारे खंडेराव आपले देव घेऊन गेले, पण देव्हाऱ्यात चांदीचा टाक राहिला, काळ्या दोऱ्यात. बाईचा. दुसरेपणाची बायको घालते ना गळ्यात, मेलेल्या पहिलीचा? जेवण असो, लुगडं असो, आधी टाकाला दाखवायचं, मग आपण. मला कुठं सवत? तेवढी हिंमत नव्हती तुमची! म्हटलं, घालून तर बघू. आरशासमोर ठुमकले. सवतबाई, म्हटलं, आजपासून तू माझी. लय हसले.

७ नोव्हेंबर
नुसता डोक्यातून घातला होता. आता डोक्यातून निघंना. दोरा आखडला की माझं डोकं फुगलं? चहाही घशाखाली जाईना. गंमत म्हणून कप टाकासमोर धरला. सुर्रकन उतरला.

९ नोव्हेंबर
शेजारच्या सिंधुबाईंना विचारलं. टाक बघून त्या दोन पावलं मागं सरल्या. म्हटल्या, हा खंडेरावांच्या पहिलीचा. दुसरी कुसाबाई घालायची. एकदा घाईत पेढा न दाखवता तोंडात टाकला, तिथंच घुसमटून गेली. मग कुठं टाक निघाला. पहिलीला या घरात दुसरी लागते, म्हटल्या. खरी दुसरेपणाची मिळाली की तुम्हाला सोडंल. मी म्हटलं, नवरा नाय तर नाय, सवतीची तरी सोबत. त्या हसल्या नाय.

१३ नोव्हेंबर
विळीनं दोरा कापायला गेले. दोऱ्याला काय नाय, मानेला रक्त. महेशला कळवलं नाय. घर विकून मला उचलून नेईल तो. अन् हा टाक काय घर विकून सुटणार हाय? गळ्यात हाय माझ्या. पाण्याचा घोट सुद्धा दाखवल्याबिगर—

१५ नोव्हेंबर
भाडेकरू येऊन बघतायत. बँकेतलं जोडपं आलं, चांगली माणसं. नाय म्हटलं. एक मास्तरीण आली. तिलाही नाय. सिंधुबाई म्हणतात, ताई, असं काय करता? पाण्याची बोंब हाय, म्हटलं.

१८ नोव्हेंबर
ठरलं. दीपक अन् तेजस्विनी. नवं लग्न. पोर गोड हाय, मला काकू म्हणते. त्याची ती कितवी, मी काय विचारलं नाय.

२० नोव्हेंबर
गळा मोकळा! कसा, ते विचारू नका. पोटभर भाकरी खाल्ली, कुणाला न दाखवता.

२२ नोव्हेंबर
भिंतीपलीकडं ती खोकते. दीपक डॉक्टरकडं घेऊन गेला होता. घसा साफ हाय म्हणे. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

२३ नोव्हेंबर
भर दुपार. दीपक कामावर. ती माझ्या दारावर थापा मारतेय. काकू, पाणी उतरत नाय, म्हणते.
एक शब्द सांगायचा. दाखव. बस.
पण सांगितलं तर विचारंल, काकू, तुम्हाला कसं ठाऊक? मग माझ्याच गळ्यात परत—
कडीवर हात हाय माझा. उचलत नाय.
थापा थांबल्या.
खोकलाही.

अहो, तुमच्याशी खोटं बोलले. विचारलं होतं मी. येईल त्याला आधी तेच विचारलं. त्याची पहिली बाळंतपणात गेलेली, ही दुसरेपणाची, म्हणूनच हिला घर दिलं. अन् माहेरची भेट घे पोरी म्हणत मीच तिच्या गळ्यात—