गुरुजींना विचारायचे नसते

गुरुजी, लिहिणार आपल्या शाळेचा चौथी उत्तीर्ण विद्यार्थी, वय एक्क्याऐंशी, धंदा शिंपीकाम, हल्ली मुक्काम सनीव्हेल, अमेरिका, मुलाच्या घरी. नाव आपण रोज हजेरीला घेत होता, ते पुन्हा सांगत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर जॉर्डनची एक मुलगी भावाकडे राहते. उमेदीची वर्षे मी मस्कतला कपडे शिवले, त्यामुळे तिच्याशी अरबीत बोलता येते. इमारतीतल्या मराठी मुलांचे ऐकून ती मला काका म्हणते. तिकडे ती इंजिनीअरिंगला पहिली आली. पुस्तके पाठ, उत्तरे पाठ, पण नोकरी नाही. तिच्या वर्गातील कित्येक पदवीधर अजून घरीच बसून आहेत, असे सांगते. येथे शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिची सर्व उत्तरे बरोबर आली. शेवटी परीक्षकांनी विचारले, तुला आम्हाला काही विचारायचे आहे का? तिने अदबीने नाही म्हटले. मुलीला जिज्ञासा नाही, असे त्यांनी ठरवले. आता दुसऱ्या एका विद्यापीठाची मुलाखत, तेवढीच संधी उरली होती.

ती अदब मला ओळखीची वाटली. आपल्या वर्गात प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती, आणि त्या शिस्तीचा मला आजही अभिमान आहे. तरी मी तिला म्हटले, मी परीक्षक बनतो, तू विचार. रविवारी ती जेवणाच्या टेबलाशी बसते. हवेचे विचारते, चहाचे विचारते. मी नापास करतो. एकदा सून पोळ्या लाटता लाटता म्हणते, "बाबा, युनिव्हर्सिटीवालेसुद्धा एवढे स्ट्रिक्ट नसतात." तेवढ्यात मुलगी अरबीत विचारते, "काका, तुम्ही चौथीतच का थांबलात?"

मी कप खाली ठेवला.

"काय म्हणाली ती?" सुनेने विचारले.

"पास झाली."

मग मी तिला अरबीतच सांगितले. पाचवी तालुक्याला होती. एका संध्याकाळी आपण आमच्या घरी आलात, वडिलांशी बराच वेळ बोललात, निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला आतून काही ऐकू आले नाही. वडिलांनी मला पुढे पाठवले नाही. तुम्ही गुरुजींना विचारले नाही का, असे ती म्हणाली. मी म्हटले, गुरुजींना विचारायचे नसते. आमच्याकडेही नसते, ती म्हणाली.

काल तिची मुलाखत झाली. इथे शिकलेले माझ्या देशातील मुलांच्या काय कामी येईल, असे तिने परीक्षकांना विचारले. ते बराच वेळ बोलत राहिले म्हणे. निकाल यायचा आहे.

म्हणून मीही विचारतो. गुरुजी, त्या संध्याकाळी आपण माझ्यासाठी शब्द टाकला होता का? हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, हे मी जाणतो. टाकला होता, असेच मी घरात सर्वांना सांगत आलो आहे.

समक्ष हजर: सून आणि वरच्या मजल्यावरची मुलगी. मुलीला मराठी वाचता येत नाही. सुनेला येते, म्हणून कागदावर हात आडवा धरून लिहितो आहे.