झोळीतलं वजन

४ जाने., रविवार
शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला, यांना आवडतो तसा. चार दाणे तोंडात टाकले अन् "बास" म्हणले. मागच्या साली पोटभर हुरडा खाऊन वर भाकर मागणारा माणूस. पायाची जखम भरून महिना झाला. दोन महिने गोळ्या-इंजेक्शनं चालली, ती बी संपली. मग भूक कामून लागत न्हाई?
मामंजींचं असंच सुरू झालतं. आधी भाकर सुटली, मग... जाऊ दे.
शेळ्या तोलायचा काटा गोठ्याच्या आढ्याला टांगला, झोळीत यांना बसवलं. हे हसायले. "बाजारात नेतीस का काय मला?"
५४ कि. जखमेच्या आधी ६३ होतं.

७ जाने.
साबुदाण्याची खीर, मऊ भात, चहा-बिस्कीट, ग्लुकोजचं पाणी. भाकर, उसळ, पालेभाजी बंद. नाजूक पोटाला जड जातं ते. जाऊबाई म्हणल्या, "लई जपतीस." जपणारच. पोरगी सासरी गेली, घरात आमी दोघंच.

११ जाने., रविवार
५४. उतरलं न्हाई. देवापुढं साखर ठेवली. आज जरा झोप लागंल.

१४ जाने.
गल्लीतल्या सुमनची शेळी पिठाच्या डब्यात तोंड घालून बसली अन् फुगली. बोलावणं आलं. गावची पशुसखी मीच, शेळ्यांचं दुखणं-खुपणं बघायचं काम माझं. दाणा-पीठ बंद करायला लावलं, सुका कडबा टाकला, धडधाकट शेळीच्या तोंडातली रवंथ काढून हिला चारली. बायांना नेहमीचं सांगितलं: चारा शेळीला घालायचा न्हाई, तिच्या पोटातल्या जंतूंना घालायचा. ते जगले तर शेळी खाती.
घरी सांगितलं तर हे म्हणले, "मपल्या तोंडात नको घालू कुणाची रवंथ." लई दिवसांनी दोघं हसलो. बिस्कीट चहात बुडवून दिलं. अर्धं ठेवलं.

१८ जाने., रविवार
झोळीत बसताना यांच्या खिशातून जुन्या तराजूचं माप पडलं. लोखंडी, अर्ध्या किलोचं. दुसऱ्या खिशात एक किलोचं. मी पडलेलं उचललं. हे म्हणले, "तू भ्यायलीस म्हणून घातलं. रडू नको बरं."
मापं काढून तोललं. ५१.
म्हणजे मागचं ५४ बी खोटं. मी साखर ठेवलती त्या खोट्यापुढं. भीती वाटायली, लई भीती वाटायली. कुणाला सांगू.

२० जाने.
बीडला गेलो. डॉ. बाई तरुण हायेत, पण नीट ऐकून घेतात. काय खायला देता विचारलं. मी ऐटीत सगळं पथ्य सांगितलं. त्यांचा पेन थांबला.
"इतक्या अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूसुद्धा मरतात. उरलेले भाकरी-भाजीतल्या चोथ्यावर जगतात, आणि भूक लागण्यात त्यांचाही हात असतो. तुम्ही तर चोथा सगळाच बंद केलात."
मी. जी गावभर सांगत फिरती, ती मी. सुमनच्या शेळीला कडबा अन् नवऱ्याला बिस्कीट.
बाई पुढं म्हणल्या, "एवढंच कारण असेल असं नाही. दुर्बिणीनं बघू." सकाळपासून यांच्या पोटात काही नव्हतंच, म्हणून आजच बघितलं. जठराचा तुकडा तपासायला पाठवला. मामंजींचा बी पाठवलता. भिंतीला टेकून उभी राहिले.
रिपोर्ट २ तारखेला.

२१ जाने.
ज्वारीची भाकर, मटकीची उसळ, मेथी. बसून खाऊ घातलं. माझ्या तोंडाकडं बघून बिचाऱ्यांनी खाल्लं. दुपारी पोट फुगून नगाऱ्यावानी, कळा, घाम. मला वाटलं संपलं सगळं. संध्याकाळी उतरलं.
चारा एकदम बदलू नका, हे बी मीच शिकवते. अक्कल कुठं जाती घरात आल्यावर.

२५ जाने., रविवार
रोज चतकोर भाकर, चमचाभर उसळ, ताक. फुगत न्हाई आता. भूक हाय का विचारलं की "हाय हाय" म्हणतेत. माझ्यासाठी म्हणतेत का खरंच, कळत न्हाई.
५१. मापं कोनाड्यात होती, मी आधीच बघून घेतलं.

२९ जाने.
हे शेळ्यांमागं धरणाकडं जाऊन आले. येऊन म्हणले, "काय केलंय आज?" असं विचारलंच नव्हतं कित्येक दिवसांत. अर्धी भाकर खाल्ली. मी चुलीकडं तोंड करून बसले.
रात्री परत तोच विचार. मामंजी बी जायच्या आधी मधी एकदा असेच जेवले होते.

१ फेब्रु., रविवार
उद्या रिपोर्ट. सकाळपासून हाताला काम सुचत न्हाई.
हे आपणहून झोळीत जाऊन बसले. ५१ कि. ५०० ग्रॅ. बरोब्बर अर्धा किलो वाढलं.
यांनी माझ्याकडं बघितलं. "खिसे बघायचेत का?"
न्हाई म्हणले.
मापं कोनाड्यात असतील. दिवसभर तिकडं गेले न्हाई.